पोटगी थकली म्हणून तुरुंग, मग कमवायचं कसं?

हा आपल्या या भागाचा लिहून काढलेला मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' मी काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या महिन्यात सोलापूरहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. तो म्हणाला, "दादा, माझे मामा दुसऱ्याचा टेम्पो चालवायचे. पोटगी थकली म्हणून त्यांना महिनाभर आत ठेवलं. बाहेर आले तर टेम्पोवर दुसरा माणूस. आता मामीला आणि पोराला पैसे द्यायचे कुठून? हा कायदा नक्की कुणासाठी आहे?"

मी वकील नाही हे आधीच सांगतो. बी.टेक. केलं, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, एवढंच. पण हा प्रश्न ऐकल्यावर मला एक जुनं तिकीट आठवलं. तिकीट म्हणजे आमच्या भाषेत बगची तक्रार.

दीड-दोन वर्षं माझी टीम अमेरिकेतल्या एका राज्याच्या चाइल्ड सपोर्टच्या सिस्टिमवर काम करत होती. आईवडील वेगळे राहत असतील, तर ज्याच्याकडे मूल नाही त्यानं मुलाच्या खर्चासाठी दरमहा जी रक्कम द्यायची, तिला तिकडे चाइल्ड सपोर्ट म्हणतात. देणारा बहुतेक वेळा बाप असतो. माझ्याकडे थकबाकी मोजणारा भाग होता. टेस्टिंग करताना एक केस दिसली. नावगाव झाकलेलं होतं, पण पत्त्याच्या जागी तुरुंगाचा प्रकार नोंदवलेला. उत्पन्न शून्य. आणि तरी दर महिन्याला खात्यावर नवी रक्कम चढत होती. मला वाटलं, बग सापडला. उत्साहाने तिकीट टाकलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: हा बग नाही, सिस्टिम ठरल्याप्रमाणेच चालते आहे. कोर्टाचा आदेश बदलेपर्यंत रक्कम चढतच राहणार.

तिकीट बंद झालं, पण ते डोक्यातून गेलं नाही. म्हणून आजचा भाग. आधी अमेरिकेचं बघू. कारण तिथे हे काम पन्नास वर्षं सरकारी यंत्रणा करते आहे, तिचे फायदे-तोटे मोजले गेलेत, आणि गरीब बापांना काम मिळवून देण्याचे प्रयोगही झालेत. मग सोलापूरला परत येऊ.

यंत्रणा उभी कशी राहिली

४ जानेवारी १९७५ ला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी एका कायद्यावर सही केली आणि केंद्र सरकारच्या पैशावर राज्याराज्यांत वसुलीची कार्यालयं सुरू झाली. विचार साधा होता. बाप पैसे देत नाही म्हणून आईला सरकारी मदत घ्यावी लागते, तर बापाकडून वसूल करा.

१९८६ मध्ये सिनेटर बिल ब्रॅडली यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती आली. तिचा अर्थ असा, की हप्त्याची तारीख उलटली की तो हप्ता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा पक्का होतो. मागे जाऊन न्यायाधीशालाही तो कमी करता येत नाही. बदल हवा असेल तर अर्ज केल्यापासून पुढचाच होईल.

१९९६ मध्ये बिल क्लिंटन यांच्या काळात यंत्रणा आणखी कडक झाली. कुणालाही नव्या नोकरीवर घेतलं की मालकानं ते सरकारला कळवायचं, साधारण २० दिवसांच्या आत. ती नोंद देशभराच्या डेटाबेसमध्ये जाते, थकबाकीदाराशी जुळली की थेट पगारातून कपात सुरू. शिवाय ड्रायव्हिंग लायसन्स रोखण्याचा अधिकार, आणि थकबाकी ठरावीक मर्यादेपुढे गेली की पासपोर्ट नाही. ही मर्यादा आज २,५०० डॉलर आहे.

इंजिनीअर म्हणून सांगतो, ज्याला पक्की नोकरी आहे त्याच्यासाठी ही यंत्रणा झकास चालते. पगार व्हायच्या आधीच मुलाचा वाटा बाजूला निघतो. आईला फोन करून गयावया करावी लागत नाही. अमेरिकेतली बहुतांश वसुली अशी पगारातूनच होते. हे विसरू नका, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्याचा अर्थ 'बापाला सोडून द्या' असा कुणी काढू नये.

गाडी अडते कुठे?

अर्बन इन्स्टिट्यूट नावाच्या संशोधन संस्थेनं २००७ मध्ये नऊ मोठ्या राज्यांची थकबाकी तपासली. एकूण थकबाकीतली सुमारे ७० टक्के रक्कम अशा लोकांच्या नावावर होती, ज्यांचं नोंदलेलं उत्पन्न वर्षाला १०,००० डॉलर किंवा त्याहून कमी होतं, किंवा काहीच नव्हतं. म्हणजे वसुलीच्या यादीतला मोठा आकडा बंगल्यात राहणाऱ्या चुकार बापांचा नव्हताच. तो अशा माणसांचा होता ज्यांच्याकडे देण्यासारखं फारसं नव्हतं.

एवढी थकबाकी साचते कशी? एक हिशेब करू. आकडे मी समजायला सोपे घेतलेत.

एका माणसाला तासाला ७.२५ डॉलर मिळतात. हे अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन, २००९ पासून तेवढंच आहे. तो कोर्टात आला नाही, किंवा आला तरी पगाराचा कागद नाही. मग कोर्ट धरून चालतं, की धडधाकट माणूस आठवड्याला ४० तास काम करू शकतो. म्हणजे महिन्याला सुमारे १,२५७ डॉलर. समजा त्याच्या २० टक्के आदेश झाला, तर साधारण २५१ डॉलर. पण त्याला काम मिळतंय आठवड्याला २० तासच. हातात येतात ६२८. आता तेच २५१ डॉलर म्हणजे त्याच्या कमाईचे ४० टक्के. त्यातून भाडं, खाणं, बसचा पास. पहिल्या महिन्यापासूनच तो मागे पडतो.

आता तो मागे पडल्यावर काय होतं ते बघा. केंद्रीय कायद्यानुसार पगारातून ५० ते ६५ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. १२ आठवड्यांपेक्षा जुनी थकबाकी असेल आणि त्याला सांभाळायला दुसरं कुटुंब नसेल, तर ६५. शंभर रुपये कमावले आणि पासष्ट गेले, तर तुम्ही काय कराल? बरेच जण कागदावरची नोकरी सोडतात आणि रोखीनं मिळेल ते काम धरतात. हॅरी होल्झर, पॉल ऑफनर आणि इलेन सोरेन्सन या अभ्यासकांनी २००५ मध्ये दाखवलं, की कमी शिकलेल्या तरुण कृष्णवर्णीय पुरुषांची नोकरीतली संख्या घटण्यामागे तुरुंगवासाबरोबर ही कडक वसुलीही एक कारण होती.

त्यात आणखी एक गोष्ट. आई सरकारची रोख मदत घेत असेल, तर चाइल्ड सपोर्टचा हक्क तिला सरकारच्या नावे करून द्यावा लागतो. मग बाप भरतो ते पैसे बऱ्याच राज्यांत पूर्णपणे किंवा बरेचसे सरकारी तिजोरीत जातात, मदतीची परतफेड म्हणून. बाप म्हणतो मी दिले, आई म्हणते मला मिळाले नाहीत, आणि दोघंही खरं बोलत असतात! मुलाच्या बुटांचं काय झालं, हा प्रश्न तसाच राहतो. कोलोराडो राज्यानं २०१७ पासून हे बदललं. तिथे चालू महिन्याची सगळी रक्कम मुलाच्या घरी जाते.

एक माणूस, एक खटला

साउथ कॅरोलायना राज्यात मायकल टर्नर नावाच्या माणसाला २००३ मध्ये आदेश झाला: आठवड्याला ५१ डॉलर ७३ सेंट भर. तो वारंवार मागे पडला, कोर्टाच्या अवमानासाठी वारंवार दोषी ठरला, एकदा सहा महिने आत राहिला. जानेवारी २००८ मध्ये पुन्हा उभा राहिला तेव्हा थकबाकी ५,७२८ डॉलर ७६ सेंट. त्याच्या बाजूनं वकील नव्हता, समोरच्या बाजूनंही नव्हता. न्यायाधीशानं १२ महिन्यांची शिक्षा दिली. त्याची पैसे भरण्याची ऐपत आहे का, याबद्दल काहीही नोंदवलं नाही.

२० जून २०११ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला. अशा खटल्यात प्रत्येकाला सरकारी वकील मिळालाच पाहिजे असं नाही. पण ऐपत आहे की नाही हे नीट न तपासता आत टाकणं घटनेला धरून नाही. 'भरत नाही' आणि 'भरू शकत नाही' यांतला फरक आधी तपासा, असं त्या निकालाचं सार.

आता माझ्या त्या तिकिटाकडे या. आठवड्याला ५१.७३ प्रमाणे वर्षाचे होतात सुमारे २,६९० डॉलर. आदेश तसाच राहिला, तर माणूस वर्षभर आत बसलेला असताना तेवढी रक्कम आणखी चढते. बाहेर येतो तेव्हा कर्ज वाढलेलं, नोकरी गेलेली, आणि नव्या मालकाच्या फॉर्मवर तुरुंगाची नोंद.

त्याच राज्यात वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस राहायचा. चाइल्ड सपोर्ट थकल्यामुळे पहिल्यांदा दोन आठवडे आत गेला तेव्हा हातातली सगळ्यात चांगली नोकरी गेली, असं त्यानं स्वतः सांगितलं होतं. ४ एप्रिल २०१५ ला मागचा ब्रेक लाइट बंद म्हणून पोलिसानं त्याची गाडी थांबवली. थकबाकीमुळे त्याच्या नावे वॉरंट होतं. तो उतरून पळाला, आणि पोलिसानं मागून गोळ्या घातल्या. पुन्हा तुरुंगात जावं लागेल या भीतीनं तो पळाला असावा, असं त्याच्या घरच्यांना वाटलं. त्या पोलिसाला पुढे २० वर्षांची शिक्षा झाली. मुलांचा बाप मात्र गेला.

मग नोकरी देऊन बघितली का?

बघितली, आणि इथे मला प्रामाणिक राहायचंय. कारण 'ट्रेनिंग द्या, सगळं ठीक होईल' एवढं सोपं निघालं नाही.

१९९० च्या दशकात 'पेरेंट्स फेअर शेअर' नावाचा प्रयोग सात शहरांत झाला. थकबाकीदार बापांना नोकरी शोधायला मदत, एकत्र बसून बोलायचे गट, आणि त्या काळात हप्ता कमी. निष्कर्ष असा आला, की जास्त बाप पैसे भरू लागले, पण एकूण कमाई फारशी वाढली नाही. सगळ्यात कमी शिकलेल्या आणि कमी अनुभव असलेल्या बापांची कमाई मात्र वाढली. एक गंमतही झाली. कार्यक्रमाला बोलावल्यावर काही जणांनी कबूल केलं, की आम्ही कामाला आहोत, फक्त सांगितलं नव्हतं. म्हणजे देऊ शकणारे आणि देऊ न शकणारे वेगळे काढायलाही हा उपाय कामी आला.

पुढे आठ राज्यांत दहा हजारांहून जास्त पालकांवर मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. कमाईत थोडी वाढ, तीही सुरुवातीच्या काळात. भरलेली रक्कम उलट किंचित कमी झाली, कारण आदेशच ऐपतीप्रमाणे कमी केले गेले होते. पण दोन गोष्टी ठळक दिसल्या. बापांचा त्या कार्यालयावरचा विश्वास वाढला, आणि मुलाचा खर्च ही आपली जबाबदारी आहे ही जाणीवही वाढली.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एक छोटा प्रयोग झाला. ३२ पालकांची, फक्त सरकारला देणं असलेली जुनी थकबाकी फेडून टाकली. मुलांच्या वाट्याला हात लावला नाही. त्यानंतर ते चालू महिन्याचे हप्ते जास्त वेळेवर भरू लागले. डोक्यावरचा न फिटणारा डोंगर गेला, की माणूस या महिन्याचा विचार करू शकतो.

या सगळ्यातून नियमही बदलले. डिसेंबर २०१६ च्या केंद्रीय नियमांनी सांगितलं, की आदेश माणसाची खरी परिस्थिती बघून काढा, तुरुंगात असणं म्हणजे 'मुद्दाम बेकार राहणं' असं धरू नका, आणि अवमानाची कारवाई करण्याआधी ऐपत तपासा. माणूस १८० दिवसांपेक्षा जास्त काळ आत असणार असेल, तर आदेशाचा फेरविचार मागता येतो हे त्याला कळवा. फक्त बऱ्याच ठिकाणी अर्ज त्यानंच करायचा असतो. माझ्या तिकिटातल्या माणसानं बहुधा तो केलाच नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये अशा पालकांच्या रोजगार-प्रशिक्षणावरचा खर्चही वसुली यंत्रणेच्या केंद्रीय निधीतून करायला परवानगी मिळाली. पन्नास वर्षांनी यंत्रणेनं मान्य केलं, की वसुलीच्या आधी कमाई लागते.

आता सोलापूर

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. इथे पगारातून आपोआप कापून देणारं देशभराचं कार्यालय नाही. पोटगीसाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. पैसे आले नाहीत तर आईनंच पुन्हा कोर्टात वसुलीचा अर्ज करायचा, तारखा घ्यायच्या, मजुरी बुडवायची. म्हणजे अमेरिकेत यंत्रणा जास्त जोर लावते, आपल्याकडे सगळा जोर एकट्या आईला लावावा लागतो. रीलवर 'पोटगी म्हणजे लूट' म्हणणाऱ्यांनी एकदा फॅमिली कोर्टाच्या बाकड्यावर दिवसभर बसून बघावं.

पैसे थकले आणि पुरेसं कारण दिलं नाही, तर वॉरंट निघतं आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि मंडळी, हे नीट ऐका: आत जाऊन आलं म्हणजे रक्कम फिटली, असं होत नाही. सुप्रीम कोर्टानं कुलदीप कौर खटल्यात १९८८ मध्येच सांगितलंय, की कैद हा वसुलीचा मार्ग आहे, फेड नव्हे. 'काम नाही' एवढं म्हणूनही सुटता येत नाही. धडधाकट माणसानं मजुरी करून का होईना, बायको-मुलांना पोसलं पाहिजे, असं कोर्टानं २०२२ च्या अंजू गर्ग निकालात म्हटलंय. तत्त्व म्हणून मला ते पटतं. भूक लागल्यावर मूल कारण विचारत नाही.

पण रक्कम ठरते कशावरून? ४ नोव्हेंबर २०२० चा रजनीश विरुद्ध नेहा हा निकाल इथे महत्त्वाचा. हा खटला आपल्या नागपूरच्या फॅमिली कोर्टातून वर गेला होता. दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून लागू, असं त्यात ठरलं. मात्र दारिद्र्यरेषेखालच्या आणि रोजंदारीवरच्या लोकांना प्रतिज्ञापत्रातून सूट आहे. ही सूट त्यांच्या सोयीसाठीच आहे, पण परिणाम असा, की ज्याचं उत्पन्न सगळ्यात अनिश्चित, त्याचाच आकडा अंदाजानं ठरू शकतो. म्हणजे तोच वरचा ४० तासांचा हिशेब.

म्हणून माझं म्हणणं

सोलापूरच्या मित्रा, तू विचारलंस कायदा कुणासाठी आहे. कायदा मुलासाठी आहे. म्हणूनच तो बापाच्या कमाईचं साधन मोडणारा नसावा. ज्याच्याकडे पैसे आहेत आणि जो लपवतो, त्याच्यावर कडक वसुली हवीच. तुरुंगही हवा. पण ज्याच्याकडे नाहीत त्याला आत टाकून मुलाच्या हातात एक रुपयाही पडत नाही. त्याच्यासाठी खऱ्या उत्पन्नाइतका आदेश आणि काम, हे दोन्ही एकत्र लागतात. अमेरिकेच्या प्रयोगांतून मला कळलं ते एवढंच.

आता तुझ्या मामांसाठी चार व्यावहारिक गोष्टी. एक, काम गेलं त्याच आठवड्यात कोर्टात अर्ज करायचा. परिस्थिती बदलली तर रक्कम बदलून मागण्याची सोय कलम १४६ मध्ये आहे. गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. दोन, कमी का होईना, दर महिन्याला काहीतरी भरायचं. आणि रोख नाही, यूपीआयनं किंवा बँकेतून, म्हणजे पुरावा राहतो. तीन, तारीख चुकवायची नाही. चार, वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं, हेल्पलाइन १५१००. महिलांना आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे मामींनाही हा नंबर दे. मामांना उत्पन्नाच्या मर्यादेत बसावं लागेल.

माझं ते तिकीट बंद झालंय. सिस्टिम ठरल्याप्रमाणेच चालत होती हे खरं. पण ठरवणारी माणसंच असतात, आणि माणसांनी ठरवलेलं माणसांना बदलता येतं. २०११ मध्ये थोडं बदललं, २०१६ मध्ये आणखी थोडं.

हा भाग ओळखीतल्या कुणाच्या कामाचा असेल तर त्याला किंवा तिला नक्की पाठवा. मामांना पुन्हा टेम्पो मिळाला की मला मेसेज कर मित्रा. भेटू पुढच्या भागात!